तबकडीवरचं कुंकू

तमाम सुजाण वाचकांस या जाहीर प्रकटनाद्वारे अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, मौजे शिरगाव, तालुका पालघर येथील आमच्या आळीतील पहिल्यावहिल्या संगणकाचे खंडेनवमीच्या सकाळी, घरातल्यांच्या आंघोळी आटोपल्यावर, गळ्यात झेंडूचा हार असताना निधन झाले. मयताच्या पश्चात एक मॉनिटर, एक कीबोर्ड, पोटातली गोळी हरवलेला माऊस आणि घरची पाच माणसे असा परिवार आहे. मृत्यूचे कारण पूजा. सदर प्रकरणी माझ्याखेरीज कोणाचेही नाव संशयित म्हणून घेऊ नये, घेतल्यास आमची तक्रार राहील.

हे प्रकटन मी आजवर किती घरांत म्हणून दाखवलं असेल त्याची गणती नाही. साखरपुडा असो, बारसं असो, जेवणं झाली की कोणीतरी म्हणतंच, प्रकाशभाऊ, तो कम्प्युटर मेला ते सांगा. मी उठतो, उपरणं नीट करतो, घसा खाकरतो आणि सुरू करतो. झेंडूच्या हारापाशी आलो की माणसं गडबडा लोळतात. मी तिथेच थांबतो, टाळ्या घेतो आणि पान खायला निघून जातो. त्या हाराच्या पुढे अजून साधारण दहा मिनिटं आहेत. ती मी कुठल्याही मांडवात सांगितलेली नाहीत. आज सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी कोणी फर्माईश केली तर मला निदान कळेल की मी काय लपवतोय.

आमचं घर किल्ल्याकडून समुद्राला जाणाऱ्या वाटेवर. मागे वाडी, तिच्यात पानवेलींचे मांडव, कडेने नारळ आणि घराला लागून मोगऱ्याच्या चार ओळी. सकाळी घरात तीन आवाज एकदम सुरू व्हायचे. विहिरीवरचा पंप, आईची तांदळाची भाकरी थापण्याची थपथप आणि बाबांचं सायकलीशी बोलणं. बाबा तारापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मेन्टेनन्स फिटर होते. ते सायकलशी बोलायचे, पंपाशी बोलायचे, आमच्याशी जरा कमी बोलायचे. यंत्रांवर त्यांची माया होती आणि झाकणांवर राग. खंडेनवमीला बोईसरच्या सगळ्या कारखान्यांत यंत्रं बंद करून, पुसून, हार घालून नारळ फोडतात. बाकीचे रंगवलेल्या पत्र्यावर कुंकवाचं बोट ओढून मोकळे व्हायचे. बाबा आधी झाकण उतरवायचे, आतली घाण काढायचे, रॉकेलने धुवायचे, ग्रीस भरायचे आणि मग आतल्या बेअरिंगला, गिअरला, जे खरोखर राबतं त्याला हळदकुंकू लावायचे. त्यांच्या खात्यातले बिहारी कामगार कौतुकाने म्हणायचे, "मिस्त्रीजी तो मशीन का पेट खोलके पूजा करते हैं." घरीही तोच कायदा. शिवणयंत्राचं शटल, पंपाचा आतला पंखा, खवणीचं दातेरी पातं, सायकलचं फ्रीव्हील, सगळं उघडून पाटावर मांडलं जायचं. "राबतो एक आनि हार दुसऱ्याला, आपल्यात नाय तसा," बाबा म्हणायचे. हे वाक्य लक्षात ठेवा. माझ्या बचावात मी याहून चांगलं काही मांडू शकलेलो नाही.

इंदूआत्या बाबांची थोरली बहीण. लग्न होऊन केळव्याला गेली, तीन वर्षांत नवरा गेला आणि ती परत आली ती बैलगाडीत एक जातं घालून. सासरहून तिने तेवढंच मागून घेतलं होतं. ते पडवीत डाव्या कोपऱ्यात बसवलेलं असायचं आणि आळीतल्या प्रत्येक लग्नाची हळद त्याच्यावर दळली जायची. त्याची रीत ठरलेली. जातं धुवायचं, आंब्याची डहाळी बांधायची, मग आत्याने अनामिकेने त्याच्या वरच्या पाळीला आधी हळद, मग कुंकू लावायचं. कुंकू लागेपर्यंत एकाही बाईने तोंड उघडायचं नाही. "जात्याला पयला मान, मंग त्याच्याकडना गानी मागायची," असं ती सांगायची. आणि मग ती खुंटा धरायची. आमच्याकडच्या हळदीच्या गाण्यांत एक बाई विचारते आणि बाकीच्या उत्तर देतात. विचारणारी आत्या. "जात्या रं जात्या, हलू का फिरतो?" असा तिचा आवाज पडवीतून निघून पार पानवेलींपर्यंत जायचा आणि पंधरावीस बाया एका श्वासात उत्तर द्यायच्या, "पोर आमची निजली गो." उत्तरं सगळ्यांना पाठ होती. प्रश्न एकट्या आत्याकडे होते. कुठल्या उत्तराच्या आधी कुठला प्रश्न, कुठे थांबायचं, नवरीच्या आजोळचं नाव कुठे गुंफायचं, हे सगळं तिच्या डोक्यात आणि गळ्यात. कोणाला कधी वाटलं नाही की ते दुसरीकडे कुठे ठेवायला हवं.

आता माझ्याविषयी. बारावी झाल्यावर मी काय करावं यावर घरात दोन मतं होती आणि दोन्ही मतांत मला विचारलेलं नव्हतं. मी बोईसरला स्टेशनजवळ एका खानावळीच्या माडीवर चालणाऱ्या कम्प्युटर क्लासला जाऊ लागलो. सर सफाळ्याचे, माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठे, बोलताना खडू चघळायचे. तिथे मला आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट इतरांपेक्षा लवकर समजली आणि त्याची नशा चढली. त्यातच बाबांच्या कारखान्याच्या ऑफिसने जुने कम्प्युटर काढून टाकले आणि मॅनेजरने, बंगल्यावरचा पंप दुरुस्त करून दिल्याबद्दल, त्यातला एक बाबांना दिला. बाबांनी तो आपल्या रेनकोटात गुंडाळून टेम्पोतून आणला. आत्याने दारातच थांबवला, नव्या सुनेवरून ओवाळतात तसा भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि मग आत घेतला. मॉनिटरला तिने विणलेला रुमाल घातला. मी रोज संध्याकाळी तो रुमाल नाटकातल्या पडद्यासारखा बाजूला करायचो. तेव्हापासूनच मला प्रेक्षक लागायचे.

त्या उन्हाळ्यात आत्याचा आवाज बसला. लग्नसराई जोरात होती म्हणून सगळ्यांना वाटलं गाऊन बसला असेल. खडीसाखर झाली, ज्येष्ठमध झालं, पालघरचे डॉक्टर झाले आणि त्यांनी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी बाबांना सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल, तरच ती जगेल. आत्या समोरच बसली होती. तिने विचारलं, "जेवता येल ना?" डॉक्टर हो म्हणाले. "आनि गाता?" डॉक्टरांनी समोरचे कागद सारखे केले. परत येताना ती एवढंच म्हणाली की सुनीची हळद आपणच गाणार होतो. सुनी म्हणजे माझी ताई. तिचं लग्न तुळशीच्या लग्नानंतरचं ठरलं होतं.

ऑपरेशनला बारा दिवस होते. बाबा म्हणाले, शेजारचा टेपरेकॉर्डर आणू आणि दोन कॅसेटी भरून ठेवू. मी हसलो. कसा हसलो ते मला आजही ऐकू येतं. मी पडवीत उभा राहून बाबांना, ज्यांनी तीस वर्षं यंत्रांच्या पोटात हात घातले होते, भाषण दिलं. कॅसेटमध्ये हेड फितीला घासतं म्हणून फीत झिजते, अडकते, ताणते. आपल्या कम्प्युटरमध्ये हार्ड डिस्क आहे. तिच्यातलं हेड तबकडीला शिवतसुद्धा नाही. हवेच्या पातळ थरावर तरंगतं. जिथे स्पर्शच नाही तिथे झीज कसली? बाबा म्हणाले, "घासत नाय तं चांगलाच हाय." एवढ्यावर टेपरेकॉर्डर बाद झाला.

दुपारी पंप बंद करून, खिडकीला गोधड्या लावून, मी क्लासमधून आणलेला माईक तिच्यासमोर धरायचो. आवाज घोगरा झाला होता, पण चाल कुठे हलली नव्हती. प्रश्न म्हणून झाला की ती थांबायची. बायांच्या उत्तराला लागेल तेवढा वेळ गप्प राहायची, बोटाने जमिनीवर ताल धरायची आणि मग पुढचा प्रश्न. मी म्हटलं, आत्या, मधे थांबू नको, जागा फुकट जाते. डिस्कवर शांततेलासुद्धा गाण्याइतकीच जागा लागते. ती म्हणाली, "मंग बरोबरच हाय. सुनीच्या हळदीला बाया जाब कुटे देतील? त्यांना जागा सोडाय नको?" म्हणजे तिचा बेत असा होता की कम्प्युटर विचारणार आणि आळीतल्या बाया उत्तर देणार. आठ दिवसांत बावीस गाणी झाली. बावीस गाण्यांचे सगळे प्रश्न आणि त्यांच्यामधल्या सगळ्या जागा.

शेवटच्या दुपारी तिने विचारलं, "पक्या, आता मला सांग, कुटे ठेवलास माजा आवाज?" माझ्यासारख्याला याहून मोठं निमंत्रण नव्हतं. मी जमिनीवर ताट पालथं घालून बसलो. डिस्कच्या डबीत आरशासारखी गुळगुळीत तबकडी असते, मिनिटाला पाच हजारांवर फेरे घेते. तिच्यावर चुंबकाला ओळखणाऱ्या धातूचा लेप असतो. त्या लेपात डोळ्यांना न दिसणारी लाखो ठिकाणं, एकाआत एक अशा गोल वाटांवर मांडलेली. लिहायचं म्हणजे हेडने त्या ठिकाणांची तोंडं फिरवायची. वाचायचं म्हणजे हेडने नुसतं वरून जायचं आणि तोंड कुठे बदललं ते ओळखायचं.

"म्हंजे पंगत," आत्या म्हणाली. "कोनाचा तोंड समुद्राकडं, कोनाचा वाडीकडं. वाढनारी वरना बघत जाते."

"तसंच."

"आनि माजी गानी एका ओळीत बसवली ना सगळी?"

इथे मी जरा अडखळलो. एका ओळीत नसतात, म्हटलं. जिथे रिकामी जागा मिळेल तिथे तुकडा तुकडा बसतो. एक वही असते, तिच्यात लिहिलेलं असतं कुठला तुकडा कुठे आहे.

"अर्धी हळद अंगनात नि अर्धी माळ्यावर? आनि वही हरवली तं?"

"तर गाणी तिथेच राहतील. पण कोणाला सापडणार नाहीत."

ती त्या पालथ्या ताटाकडे वाकली. मग तिने हात लावून ते गरागरा फिरवलं आणि तिचा चेहरा उजळला. "फिरता दगड हाय नि त्याच्याकडना गानी येतात. जाताच की रं हा."

मला ते इतकं आवडलं की मी टाळी दिली. हो हो, जातंच, म्हटलं, तुझं जातंच आहे हे, लोखंडाचं. दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये मी सरांना ऐकवलं, तेव्हा तेही हसले आणि म्हणाले, पण एक फरक आहे, जात्यात बोट घातलं तर बोट जाईल, यात बोट घातलं तर जातं जाईल. हेड आणि तबकडीतलं अंतर केसाच्या जाडीच्या कितीतरी पट कमी असतं. समज, शिरगावच्या किनाऱ्यावरून विमान चाललंय, वाळूपासून बोटभर वर. खेकड्याने बिळातून डोकं काढलं की संपलं. धुळीचा कण म्हणजे तिथे डोंगर आहे. म्हणून डबी उघडायची नाही. आणि कधी आतून घासल्याचा आवाज आलाच तर पहिल्यांदा वीज काढायची, कारण प्रत्येक फेऱ्याला ते आणखी खरवडत जातं. हे सगळं मी वहीत लिहून घेतलं. अक्षर चांगलं आहे. सर असंही म्हणाले की तेवढी डिस्क घेऊन ये, गाणी सीडीवर उतरवून देतो. दोनदा म्हणाले. मी दोनदा हो म्हणालो. रविवारी नेऊ, गणपती झाल्यावर नेऊ, असं करत राहिलो. याला कारण काहीच नव्हतं. माणसाला वाटतं की मोठ्या चुकीमागे मोठं कारण असावं. माझ्यामागे नुसता कंटाळा होता.

ऑपरेशन झालं आणि आत्या जगली. गळ्याच्या खड्ड्यात रुपयाएवढं भोक, त्याच्यावर पांढऱ्या मलमलीचा तुकडा. श्वास तिथूनच आत जायचा आणि तिथूनच बाहेर यायचा. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी ती सवयीने चुलीपाशी बसली, फुंकणी उचलून तोंडाला लावली, गाल फुगवले. गळ्यावरची मलमल फडफडली. निखारा तसाच राहिला. तिने फुंकणी भिंतीला उभी करून ठेवली आणि पुन्हा कधी हातात घेतली नाही. नाकातून हवा जात नाही म्हणून वासही गेला होता. तव्यावर सुके बोंबील करपून घरभर धूर झाला तरी ती शेजारी शांत बसलेली असायची आणि आई धावत येऊन तवा उतरवायची. दोघी एकमेकींकडे बघायच्या नाहीत. बोलणं पाटीवर. ताईची जुनी दगडी पाटी ती कमरेला लावून फिरायची, दोन शब्द लिहायची, दाखवायची, ओल्या फडक्याने पुसायची. जिने कधी दोन शब्दांत काही सांगितलं नव्हतं तिची वाक्यं आता पाटीत मावू लागली.

हॉस्पिटलातल्या बाईंनी तिला बोलायला शिकवायचा प्रयत्न केला होता. हवा गिळायची आणि ढेकरेसारखी वर आणून तिच्यावर शब्द चढवायचा. प, ट, क यांनी सुरू होणारे शब्द आधी जमतात म्हणे. पापा, टाटा, काका. आत्या दोन वेळा गेली. तिसऱ्या वेळी बाबा तिला घेऊन निघाले तेव्हा तिने उंबऱ्यात बसून पाटीवर लिहिलं की आयुष्यभर पोरींना चारचौघांत ढेकर देऊ नका असं शिकवलं, आता आपण देत सुटू का. बाबांनी चपला काढल्या. तेव्हापासून ती दुपारी एकटीच मोगऱ्याच्या ओळींमागे जाऊन बसायची. आईने आम्हाला बजावलं होतं, तिकडे जायचं नाही, रडू दे तिला. आम्ही गेलो नाही.

गाणी मी तिला एकदाच ऐकवली. ती मॉनिटरसमोर पाटावर बसली, प्रश्नाबरोबर तिचे ओठ हलले आणि जिथे जागा सोडली होती तिथे ती तेव्हासारखीच गप्प राहिली, बोटाने ताल धरून. एक गाणं झालं आणि तिने हाताने थांबवलं. पाटीवर लिहिलं, सुनीच्या हळदीला. त्यानंतर मात्र ती रोज सकाळी तुळशीला पाणी घातलं की कम्प्युटरवरचा रुमाल नीट करायची.

सुनीच्या हळदीला काय झालं ते मी इथेच सांगून टाकतो, क्रम सोडून, कारण शेवटी सांगायचं मला धैर्य होणार नाही. जातं धुतलं, डहाळी बांधली, आत्याने कुंकू लावलं. पंधरावीस बाया जात्याभोवती बसल्या आणि कोणीच सुरू करेना. मग पलीकडच्या घरच्या वहिनीने आठवेल ते उत्तर म्हणायला घेतलं आणि बाकीच्यांनी उचललं. पोर आमची निजली गो. मग काही क्षण नुसती जात्याची घरघर. मग दुसरं उत्तर. सगळी उत्तरं बरोबर होती आणि कोणी काही विचारलेलं नव्हतं. ताई मान खाली घालून बसली होती. आत्या खुंट्यावर हात ठेवून होती, तिचे ओठ वेळेवर हलत होते, पण ओठांवरून प्रश्न वाचायला कोणी शिकलेलं नव्हतं. आजही आमच्या आळीत हळद तशीच दळतात, नुसत्या उत्तरांवर. नव्या सुनांना वाटतं गाणं मुळात तसंच आहे.

तर खंडेनवमी. आदल्या दिवशी बाबांनी पंप खोलला, शिवणयंत्र खोललं. सकाळी पडवीत पाटावर सगळं मांडलं. आईने वड्यांचं पीठ भिजवलं होतं, ताई झेंडूचे हार ओवत होती. मी कम्प्युटर उचलून आणला आणि पाटावर ठेवला, हार घातला. बाबांनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली.

"ह्याचा झाकन?"

"याचं उघडत नाहीत, बाबा."

"शिवनयंत्राचा उघडला. पंपाचा उघडला. ह्याच्यात राबतो कोन?"

मी डबा उघडून पंखा दाखवला. बाबा म्हणाले, पंखा वारा घालतो, राबणारा कोण ते सांग. मी हार्ड डिस्कची डबी काढून हातावर ठेवली. एवढ्यात आत्या हळदकुंकवाची वाटी घेऊन आली. तिने त्या डबीकडे बघितलं, वाटी खाली ठेवली, कमरेची पाटी काढली आणि लिहिलं: जातं दाखव.

मी तिथे नाही म्हणायला हवं होतं. वहीत लिहिलेलं होतं, सुवाच्य अक्षरात. पण पडवीत चार माणसं माझ्याकडे बघत होती आणि मला वाटलं, पाच मिनिटांत काय होतंय. फुंकर मारणार नाही, बोट लावणार नाही, नुसतं झाकण उचलून दाखवीन आणि लावीन. बाबांच्या पेटीत चांदणीच्या आकाराच्या तोंडाचा स्क्रू ड्रायव्हर होता. सहा स्क्रू वर, एक कागदी लेबलाखाली लपलेला. झाकण निघालं आणि सगळे एकदम पुढे वाकले. वीज नसल्यामुळे हेड आतल्या कडेला निजलं होतं आणि तबकडी स्वच्छ, चकचकीत, तिच्यात पडवीचं छप्पर दिसत होतं. "आयला," बाबा म्हणाले, "काय फिनिशिंग हाय." मी घसा खाकरला. हो, खाकरला. आणि म्हटलं, आत्या, ही बघ तुझी पंगत, बावीस गाणी इथे बसलीत. ही गोल वाट दिसते का, दिसणार नाहीच, पण आहे. मी बाबांकडे वळून त्यांना हेडची दांडी दाखवू लागलो. माझी पाठ आत्याकडे झाली, फार तर दोन श्वास.

मी वळलो तेव्हा तिची अनामिका वर येत होती. तबकडीवर ओल्या हळदीचं एक बोट आणि त्याच्यावर कुंकवाचा टिळा. काही दाणे भोवती सांडले होते. ती माझ्याकडे बघून हसली. ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसली. जात्याला पहिला मान, मग त्याच्याकडून गाणी मागायची. तिने बरोबर रीतीप्रमाणे केलं होतं. ते जातं आहे असं तिला मीच सांगितलं होतं, टाळी देऊन.

मी ओरडलो नाही. मांडवात हे कधी सांगितलं असतं तर मी इथे छाती पिटली असती. खिशातला रुमाल काढला आणि पुसलं. हळद पसरली. ओला करून पुसलं. कोरड्याने पुसलं. तबकडी पुन्हा चमकायला लागली, तिच्यात माझं तोंड दिसू लागलं आणि मी स्वतःला पटवलं की झालं स्वच्छ. झाकण लावलं, तारा जोडल्या, बटण दाबलं. डिस्क फिरायला लागली, नेहमीसारखी, बारीक शिट्टी घालत. मग आतून खरवडल्याचा आवाज आला, खवणीवर करवंटी घासावी तसा. मग टक्. मग पुन्हा टक्.

तो टक् काय असतो ते मला माहीत होतं. हेड आपली वाट शोधायला पुढे जातं, वाट ओळखू येत नाही, म्हणून पार मागे घरी येऊन धडकतं आणि पुन्हा निघतं. पडद्यावर अक्षरं आली की डिस्क सापडत नाही. मी बंद करून पुन्हा सुरू केलं. वीज काढायची असते हे मला माहीत होतं, प्रत्येक फेऱ्याला आणखी खरवडतं हेही. पुढे मुंबईत एका माणसाने ती तबकडी भिंगाखाली धरून मला दाखवली. कुंकवाचा ओरखडा छोटा होता, म्हणाला, बाकीच्या खोल चऱ्या आहेत ना, त्या नंतर सतत चालू करून पाडलेल्या आहेत, कोणी केलं हे? मी म्हटलं, माहीत नाही. ती डबी आज माझ्या कपाटात आहे. आताच्या नव्या डिस्का फिरत नाहीत, त्यांना आवाजही नाही, जायच्या तेव्हा गुपचूप जातात. माझी वाजून गेली. आणि सगळ्यात वाईट हे, की त्या चऱ्यांच्या मधे, जिथे काही लागलं नाही तिथे, तिचे प्रश्न अजूनही आपापल्या जागी तोंड करून बसले असतील.

मी चालू करत राहिलो. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. आईचं तेल तापून धुरावलं, तिने आत जाऊन चुलीतली लाकडं ओढली. ताईच्या हातात अर्धा हार. आत्याला कळायला फार वेळ लागला नाही. तिने एकदा माझ्या तोंडाकडे बघितलं, एकदा आपल्या लाल बोटाकडे, आणि ते बोट पदरात गुंडाळलं. बाबा हलक्या आवाजात म्हणाले, "पक्या, धुवून घेऊ का रॉकेलनी?" मी पुन्हा बटण दाबलं. पाचव्यांदा. सहाव्यांदा. हेड निघायचं, धडकायचं, परत यायचं. टक्, टक्, खर्र. मी काही बोलत होतो असं ताई नंतर म्हणाली, चल ना, चल ना, एवढंच. आठव्यांदा मी बटण दाबलं तेव्हा मागून ढेकर दिल्यासारखा आवाज आला.

आम्ही सगळ्यांनी बाबांकडे बघितलं. बाबा आत्याकडे बघत होते. ती खांबाला धरून उभी होती, मान ताणलेली, तोंड घट्ट मिटून हवा गिळत होती, आणि एकदम मला मोगऱ्यामागच्या त्या सगळ्या दुपारी कळल्या. ती तिथे रडत नव्हती. गळ्यावरची मलमल थरथरली, पोटातून काहीतरी खेचत वर आलं, जाडंभरडं, ना बाईचं ना पुरुषाचं, आणि चारचौघांत, भर पूजेत, ती म्हणाली, "पुरं कर. थकला तो."